आत्याबाईंची अमरवेल

८ जुलै १९५१

वही ह्यांनी दिली. जाताना म्हणाले, रोज दोन ओळी लिही, नाहीतर चौथीपर्यंतचं अक्षरही विसरशील. परत आल्यावर वाचीन. भिंतीवर कॅलेंडरही लावून गेले. म्हणून लिहिते.

ह्यांना जाऊन बावीस दिवस झाले. इथली संस्थानी पलटण आता हिंदुस्थानी फौजेत मिळाली आणि ह्यांना जम्मूकडे पाठवलं. घरात मी, विमल आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. विमल चौदा महिन्यांची आहे, भिंत धरून चालते.

आमची बगीची मुरार छावणीच्या बाहेर आहे. सव्वीस कागदी लिंबाची झाडं, एक विहीर, दोन खोल्या, भोवती मेंदीचं कुंपण. हाक मारली तर ऐकू जाईल असं घर जवळ नाही. मला भीती वाटते. सापाची वाटते, फाटकाशी कोणी उभं राहिलं तरी वाटते. ह्यांना पत्रात लिहिलं नाही. इथे लिहिते, कारण हे वाचतील तेव्हा घरी असतील.

१५ जुलै

ह्यांच्या जाण्याच्या दिवसाचं एक लिहायचं राहिलं. आत्याबाईंनी नाल्याकाठच्या बोरीवरून अमरवेलीचा वीतभर तुकडा आणला, पिवळा, ओल्या शेवयांसारखा. ह्यांच्यावरून उतरवला आणि विहिरीजवळच्या लिंबावर टाकला. त्यांच्या माहेरी फौजेत जाणाऱ्याच्या नावाने असं करतात. वेल लागली तर माणूस सुखरूप. नाही लागली तर काय, ते त्या बोलत नाहीत. मामंजी लढाईवर गेले तेव्हाही टाकली होती म्हणे, आणि ते परत आले.

आज वेल लागलेली दिसली. फांदीला तीन वेढे घातलेत. आत्याबाईंनी साखर वाटली. वाटायला मी एकटीच, म्हणून मला दोनदा दिली. मलाही बरं वाटलं.

३ ऑगस्ट

ह्यांचं पत्र आलं. ठीक आहेत. तिकडे पाऊस फार, बूट वाळत नाहीत.

वेल आता पाच फांद्यांवर. पान नाही, मूळ नाही. मी बुंध्याशी हात घालून पाहिलं, मातीशी तिचा काही संबंधच नाही. मग जगते कशावर?

१९ ऑगस्ट

आज चढून नीट पाहिलं. वेलीला बारीक दात असतात. सालीत रुतवून बसते आणि आतला रस पिते. एक वेढा सोडवला तर खाली सालीवर ओळीने भोकं. त्या फांदीची पानं पिवळी पडलीत, लिंबं सुपारीएवढी राहून गळतात. वेल मात्र अशी माजलीय की झाड दिसत नाही, पिवळी चादर टाकल्यासारखं. शेजारच्या तीन झाडांवरही गेली.

आत्याबाई खूश. म्हणाल्या, "बघ, काय जोर आहे. दौलत तिकडे खाऊनपिऊन मजेत असणार."

मी म्हटलं, "झाड मरतंय, आत्याबाई."

"झाडं सव्वीस आहेत. माझा मुलगा एक आहे."

मी खाली गळलेली लिंबं वेचली.

२८ ऑगस्ट

पटवारी आला होता. मी विमलला कडेवर घेऊन दाराआडूनच बोलले. बगीची मामंजींना फौजेतल्या चाकरीबद्दल मिळालेली. आता राज्य गेलं, मध्य भारत झाला, सगळ्या जमिनी नव्याने कागदावर चढताहेत. तो म्हणाला, "देखिए बाई, बाग है तो आपके नाम चढ़ेगी. उजाड़ दिखी तो सरकार में जाएगी. दिवाली के बाद नायब तहसीलदार साहब ख़ुद मौक़े पर आएँगे."

जाताना त्याने वर बघितलं आणि विचारलं, "ये पीला-पीला क्या है?" मी विमलला घेऊन आत वळले.

तो गेल्यावर फाटक लावलं. विमल मोठी होईल ती कुठे? ह्यांच्या फौजेचा काय भरवसा, आज इथे, उद्या तिथे. आपलं म्हणायला ह्या दोन खोल्या आणि ही झाडं.

२ सप्टेंबर

मानसिंगराव भाऊजी आले, ह्यांचे चुलतभाऊ. शहरात, लश्कर भागातल्या पाटणकर बाजारात दुकान आहे. विमलला पेढे आणले. म्हणाले, "वहिनी, बाईमाणसाला हे जमायचं नाही. माझ्या नावाने अर्ज द्या, मी इथे तेलाची घाणी टाकतो. तुम्हा तिघींना लश्करात खोली देतो." मी म्हटलं, हे आल्यावर बोलू.

मग वेलीपाशी उभे राहून हात जोडले. आत्याबाईंना म्हणाले, "काकी, हिला कोणाला हात लावू देऊ नका हां. दौलतचा जीव आहे हिच्यात." भाऊजी इतके देवभोळे आहेत, मला मालूम नव्हतं.

७ सप्टेंबर

काल आत्याबाई गणपती बघायला मुरारच्या बाजारात गेल्या होत्या. तेवढ्यात मी विहिरीजवळचं झाड सोडून बाकीच्या तिघांवरची वेल ओढून काढली. टोपलीभर झाली. कुंपणापलीकडे फेकली. अर्धी कुंपणावरच पडली, मेंदीवर. म्हटलं, मूळ नाही, मरेल.

आत्याबाईंना कळलं. ओरडल्या नाहीत. चुलीपाशी बसून हळूच म्हणाल्या, "माझ्या मुलाचं आयुष्य ओढून फेकलंस तू." आणि जेवल्या नाहीत.

एक महिना झाला, ह्यांचं पत्र नाही.

१८ सप्टेंबर

मी मूर्ख आहे. कुंपणावर फेकलेली वेल मेली नाही. मेंदीवर पसरलीय, बोटभराच्या तुकड्यालाही नवं टोक फुटलंय. माझ्या पदराला चिकटून गेलेल्या काड्या जिथे जिथे पडल्या तिथे तिथे लागल्या. चिकूच्या रोपावरसुद्धा. ज्या तीन झाडांवरून ओढली, तिथे सालीत राहिलेल्या तुकड्यांतून परत आली. आता अकरा झाडं झाली. चारची अकरा मी केली.

आणि पत्र नाही. आत्याबाई नुसत्या माझ्याकडे बघतात. पित्रांचा पंधरवडा चालू आहे. माझ्या मनात नको नको ते येतं.

२४ सप्टेंबर

थाटीपुरला गेले. विमलला झोळीत बांधलं आणि चालत गेले. तिथे नव्या सरकारी घरांच्या बागा बघायला घसीटेकाका म्हणून म्हातारा माळी आहे, पूर्वी ह्यांना कलमं द्यायचा. त्यांना सगळं सांगितलं. खूप हसले.

"खींच के फेंक दी? बाई, तुमने तो बोनी कर दी." बोनी म्हणजे पेरणी.

मग मातीवर काडीने रेघा काढून समजावलं. नुसती ओढून उपयोग नाही, तिचे दात सालीत राहतात. शेवटचा वेढा जिथे दिसतो त्याच्या हातभर खालून फांदीच कापायची. कापताना खाली चादर पसरायची, एक काडी मातीत पडता कामा नये. ओली जळत नाही, म्हणून उघड्या दगडावर उन्हात वाळवायची, मग जाळायची. दर चार दिवसांनी परत बघायचं. आणि हे सगळं पांढरी फुलं यायच्या आत. फुलं आली की बी पडतं आणि बी मातीत दहा-दहा वर्षं जिवंत राहतं.

मी म्हटलं, "फांद्या कापल्या तर झाडं मरतील ना, काका?"

"नींबू है. ठूँठ से भी फूटता है. बेल से नहीं बचेगा, कुल्हाड़ी से बच जाएगा."

निघताना विचारलं, वेल तोडली तर ज्याच्या नावाने टाकली त्याला काही होतं का. ते हसले नाहीत. म्हणाले, "मैं तो माली हूँ, बाई. नींबू की बता सकता हूँ."

३० सप्टेंबर

सहा दिवस झाले, कोयता धार लावून ठेवलाय. उचलते आणि ठेवते. आज कापलं आणि उद्या तार आली तर? मग मी जन्मभर काय करू? आत्याबाई काय म्हणतील ते सोडा, मीच मला काय म्हणेन?

पण विमल झाडाखाली खेळते तेव्हा वरून वाळकी पानं तिच्या डोक्यावर पडतात. तेही बघवत नाही.

९ ऑक्टोबर

आज खंडेनवमी. मामंजींची तलवार काढली, पुसली, पाटावर ठेवली. आत्याबाई दरवर्षी तिच्याशेजारी घरातली सगळी हत्यारं मांडतात, विळी, कुदळ, पहार. मी कोयता आणून ठेवला. त्यांनी बघितलं. धार बघितली. नवी धार आहे हे त्यांना कळलं, फौजेतल्या माणसाची बायको आहेत त्या. तरी हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. कोयत्याला वगळणं त्यांच्याने झालं नाही.

मी पाया पडले. आज हत्याराला हात लावत नाहीत. उद्या लावीन.

१० ऑक्टोबर, दसरा

कापली.

सकाळी विमलला दूध देऊन झोपवलं, जुनी सतरंजी विहिरीजवळच्या झाडाखाली पसरली. त्याच झाडापासून सुरू केलं. ते शेवटी ठेवलं असतं तर झालंच नसतं.

आत्याबाई आल्या, झाडाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "आधी माझ्यावर चालव."

मी म्हटलं, "तुम्ही त्यांच्या आई आहात, तर मी कोण आहे? मला ते नकोत? पण ते परत येतील तेव्हा कुठे येतील? भाऊजींच्या खोलीत? ही जागा गेली तर ते आले काय नि न आले काय, आपण रस्त्यावर. बाजूला व्हा, आत्याबाई."

आवाज कसा निघाला, मालूम नाही. आजवर मी त्यांना बाजूला व्हा असं कधी म्हटलं नव्हतं. त्या झाल्या बाजूला. मला वाटतं त्यांना आश्चर्यच जास्त वाटलं.

पहिला घाव घातला आणि थांबले. आकाश बघितलं, फाटक बघितलं. काही झालं नाही. मग दुसरा घातला.

दिवसभरात चार झाडं झाली. हातांना काटे, कोपरापर्यंत रक्त. दुपारी सोनं द्यायला कोणी आलं नाही, आम्हीही कुठे गेलो नाही. विमलने आपट्याचं पान खाल्लं.

१६ ऑक्टोबर

अकराही झाडं छाटून झाली. कुंपणाची मेंदी टीचभर ठेवून सगळी कापली. चिकूचं रोप उपटलं. वेल दगडावर वाळतेय. नुसती खुंटं दिसतात. मला रडू येतं, मग मी कोयता धुते.

तार आली नाही. पत्रही नाही.

आत्याबाई माझ्याशी बोलत नाहीत. विमलला सांगतात, "तुझ्या आईला सांग, डाळ लागली." रोज सकाळी लोटा भरून विहिरीमागे जातात. तुळस तर पुढच्या अंगणात आहे. म्हातारपणी विसरतात, आणखी काय.

२१ ऑक्टोबर

विहिरीजवळच्या झाडावर परत एक तुकडा. इतका हात फिरवला होता मी. आणि गंमत म्हणजे हा नुसता वर पडलेला होता, अजून वेढाही घातला नव्हता. कावळ्याने आणला असणार. काढला, डब्यात घातला.

२५ ऑक्टोबर

परत एक. त्याच झाडावर. हा कावळा माझ्या वाईटावर आहे. पण मीही आता दर चार दिवसांनी नाही, रोज बघते. तो आणेल, मी काढीन. बघू कोण थकतं.

२ नोव्हेंबर

दिवाळी झाली. आज पोस्टमन पत्र घेऊन आला. मी फाटकाशी बसूनच फोडलं. ह्यांचं अक्षर, जरा वाकडं.

हे फार आजारी होते. मुदतीचा ताप. ५ ऑगस्टला इस्पितळात घातलं, पहिले वीस दिवस शुद्धच नव्हती. डॉक्टरने आशा सोडली होती. सप्टेंबरअखेर उठून बसले. दसऱ्याच्या दिवशी पहिल्यांदा परेडला उभे राहिले. आता बरे आहेत. घरी कळवू नका असं त्यांनीच सांगितलं होतं.

आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्या रडल्या, मी रडले, आम्हाला बघून विमल रडली. मग आत्याबाईंनी डोळे पुसले आणि तेवीस दिवसांनी सरळ माझ्याशी बोलल्या.

"वीस दिवस शुद्ध नव्हती म्हणजे कधी?"

"ऑगस्टात."

"तू वहीत रोजचं लिहितेस ना? ऑगस्टात वेल कशी होती, वाच."

मी वही आणली. १९ ऑगस्टचं वाचलं. पिवळी चादर टाकल्यासारखं. दौलत तिकडे खाऊनपिऊन मजेत असणार.

"परत वाच."

परत वाचलं.

"आणि दसऱ्याचं."

दसऱ्याचं वाचलं, 'बाजूला व्हा, आत्याबाई' सकट. मला लाज वाटली, पण सोडलं नाही.

त्यांनी वही माझ्या हातातून घेऊन मिटली. मग म्हणाल्या, "मतलब ती रांड त्यालाच खात होती."

मी सांगायला लागले की आत्याबाई, तसं नाही, वेलीचा नि ह्यांचा काही संबंधच नाही, ताप वेगळा, लिंबू वेगळं. पण त्या उठून गेल्या होत्या. कोयता घेऊन विहिरीमागे गेल्या. मीही धावले.

विहिरीमागे अडुळशाचं झुडूप आहे. त्यावर वेल अशी गच्च होती की मी जागच्या जागी थांबले. बारीक पांढरी फुलं आली होती. खाली माती ओली, शेजारी लोटा. झुडूप बुंध्यापासून कापलं त्यांनी, पदरात गोळा केलं, काडी काडी वेचली.

"फुलं आली," मी म्हटलं.

"दिसतंय मला."

कावळ्याचं मी काही बोलले नाही. त्याही बोलल्या नाहीत. संध्याकाळी डाळ लागली ते मात्र मलाच सांगितलं.

२४ नोव्हेंबर

नायब साहेब आले. पटवारी, चपराशी आणि बरोबर मानसिंगराव भाऊजी. साहेबांसाठी खुर्ची भाऊजींनीच आणवली, बाजारातून.

मी दाराआड नव्हते. अंगणात उभी होते, विमल कडेवर. छातीत धडधड इतकी की ती विमलला लागत असणार.

भाऊजी म्हणाले, "साहब, यहाँ बाग कहाँ है? लकड़ी की टाल है." टाल म्हणजे वखार.

साहेबांनी खुंटं बघितली. "किसने काटे?"

"मैंने," मी म्हटलं. "बेल लगी थी. नहीं काटती तो सब मर जाते."

"तो ये मरे नहीं हैं?"

तेवढ्यात आत्याबाई पुढे आल्या. परक्या पुरुषासमोर त्यांना बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. पदर डोक्यावरून ओढला, पहिल्या खुंटाची साल नखाने खरवडली. आत हिरवं. बोट लावून बघितलं, पुढच्या झाडाशी गेल्या. तिथेही खरवडलं. "हाथ लगाओ, साहब. गीला है के नहीं?"

साहेबांनी खरंच बोट लावलं.

मग मला हिंमत आली. मी कोंब दाखवले. सहा आठवड्यांत बोटबोटभर आलेत, लालसर, चोळले की लिंबाचा वास. नऊ खुंटांना फुटलेत. दोन मेली, तीही दाखवली. लपवायचं कशाला? बाकीची पंधरा झाडं तर हिरवीच. साहेबांनी पान चोळून नाकाशी धरलं आणि पटवाऱ्याला म्हणाले, "बाग लिखो."

त्याने लिहिलं. मी वाकून वाचलं. त्याला वाटलं नव्हतं मला वाचता येत असेल. नाव बरोबर होतं.

साहेब गेल्यावर भाऊजी खुर्ची उचलत म्हणाले, "वहिनी, पुढच्या पावसात वेल परत येईल."

"येईल ना. बी पडलंय. तेव्हा तुम्हीही या, उपटायला माणूस कमी पडतंय."

आत्याबाई विहिरीपाशी हसल्या. भाऊजींनी खुर्ची डोक्यावर घेतली.

६ जुलै १९५२

आली. पाऊस पडून आठ दिवस झाले आणि विहिरीमागच्या मातीतून पिवळे दोरे निघालेत, केसाएवढे. टोक हलवत काहीतरी शोधतात. काही हाती लागलं नाही तर आठ-दहा दिवसांत आपोआप मरतात, असं घसीटेकाका म्हणाले. पण आम्ही वाट बघत नाही. तिथलं सगळं गवत काढून टाकलंय, पकडायला काही ठेवलं नाही.

आत्याबाईंना आता नीट दिसत नाही, पण बोटांना कळतं. माझ्याआधी सापडतात त्यांना.

"किती वर्षं म्हणाला माळी?"

"दहा."

"तोवर मी कुठे असणार?"

"इथेच. बोटं तुमची आहेत."

हे पुढच्या आठवड्यात सुट्टीवर येताहेत. वही मागतील. पहिल्या पानावर सापाचं नि फाटकाचं लिहिलंय, ते फाडावं असं वाटलं होतं. नाही फाडलं. भीती तेव्हा वाटत होती, अजूनही वाटते.

आज सकाळी सतरा दोरे निघाले. आत्याबाईंचे अकरा, माझे सहा. विमलने एक धरला होता, पण तो नव्या गवताचा निघाला.